मंत्र घट्ट होईपर्यंत

मी बोलतोय, वीस तोंडांचा फासा. माझ्या एका कोलांटीवर राजे गादीवरून उतरलेत, किल्ले ढासळलेत, भल्याभल्या राक्षसांनी माझ्यापुढे मान टाकली आहे. आता राजे प्लास्टरचे होते, किल्ला बुटांच्या खोक्याचा होता आणि मला स्वतःला एकदा शेजारच्या कुत्र्याने गिळलं होतं, ते सोडा. बाहेर कसा आलो, विचारू नका. शिक्षणही बेताचंच. आकडे येतात ते वीसपर्यंत, त्यापुढचं जग मला ठाऊक नाही.

जन्म साच्यातला. अंग जांभळं, चकचकीत, पोटात हवेचा एक बुडबुडा. आम्ही भावंडं एकाच पाकिटात होतो. त्यातल्या चार तोंडांच्या टोकदार भावाने अनवाणी पायाखाली येण्यापलीकडे आयुष्यात काही केलं नाही. आम्हाला घेतलं एका कवळीवाल्याने. लोकांचे पडलेले दात बनवून देणं हा त्याचा धंदा. त्याच्या खोलीत फळीभर प्लास्टरचे जबडे मांडलेले. सगळे हसतायत आणि एकालाही डोळे नाहीत. पाहुण्यांना भीती वाटते, मला मजा वाटते.

रविवारी दुपारी तो दात घासायची मोटर बाजूला सारतो, टेबल पुसतो आणि खेळ मांडतो. खेळ असा, की कवळीवाला गोष्ट सांगतो. अमुक गुहा आहे, आत तमुक बसलाय. बाकीचे एकेक सोंग घेऊन त्या गोष्टीत शिरतात आणि म्हणतात, मी असं करतो, मी तसं करतो. ते जमलं की फसलं, हे मी सांगतो. मोठं दान पडलं तर जमलं, छोटं पडलं तर बोंबललं.

खेळणारे दोघंच. एक कवळीवाल्याची थोरली बहीण, ताई. ती शाळेची बस चालवते आणि खेळात ढालकरी असते. दुसरा त्याच्या बायकोचा भाऊ. हा मेहुणा लिफ्ट दुरुस्त करतो आणि खेळात जादूगार असतो. लिफ्ट बंद पडून माणसं आत अडकली, तर बाहेरून त्यांच्याशी गप्पा मारत बसतो म्हणे. दार उघडल्यावर माणसं पळत सुटतात ती घाबरून नव्हे, त्याच्या बडबडीला कंटाळून.

टेबल लहान, त्यामुळे मी सारखा खाली पडतो. पूर्वी तिघंही एकदम वाकायची, डोकी आपटायची. एकदा ओल्या प्लास्टरचं घमेलं ताईच्या मांडीवर उलटलं. तेव्हापासून या टेबलाचा कायदा आहे. फासा ज्याच्या पायाशी पडेल त्यानेच वाकायचं, आकडा मोठ्याने सांगायचा. तो सांगेल ते खरं. दुसऱ्याने बघायचंही नाही. आणि त्याने सांगितलाच नाही, तर दान फुकट.

भांडण मात्र फाशाचं नव्हतं, जादूचं होतं.

ताईने ढाल उचलून "मी पुढे होते" म्हणेपर्यंत मेहुण्याचा मंत्र सुटलेला, राक्षसाचा कोळसा झालेला. दर वेळी हेच. कवळीवाल्याने नियम केला, की दिवसाला मोजकेच मंत्र. मेहुणा एका लढाईत सगळे उडवायचा आणि म्हणायचा, "दाजी, आता झोपू या. सकाळ झाली की मंत्र परत."

"अरे, भर दुपार आहे त्या गुहेत!" ताई म्हणायची. "आपण लढायला आलोय की माहेरपणाला?"

मग जादूगाराची तब्येत नाजूक केली. पण ताईच्या ढालीमागे उभा राहून तो नाजूक माणूस अगदी ठणठणीत. मग ठरलं, मंत्र लागतो की नाही ते फाशाने सांगायचं. लागला तर ताई रिकामी, नाही लागला तर मेहुणा रुसलेला आणि शिव्या मला. शेवटी कवळीवाल्याने ताईला ज्वाळांची तलवार बक्षीस दिली. ताईने ती परत केली.

"मला खेळणं देऊन गप्प बसवतोस? मला तलवार नकोय रे. माझी वेळ येऊ दे. माझी वेळ येईपर्यंत सगळं उरकलेलं असतं."

आणि गेल्या रविवारी निघताना तिने टेबलावरची आपली प्लास्टरची ढालकरीण, खेळातली तिची बाहुली, उचलून पर्समध्ये टाकली. कवळीवाला बघत राहिला. भाऊ-बहीण आठवड्यात भेटतात ती याच टेबलाशी. एरवी तिची बस आणि याचे जबडे, फोनवर "बरी आहेस ना", "हो" एवढंच. बाहुली गेली म्हणजे रविवारही गेला.

तोडगा निघाला तो मेहुण्याच्या दातातून. मधल्या वारी तो पुढचा तुटलेला दात घेऊन आला. कवळीवाल्याने दाताचं माप घ्यायला साच्यात लगदा भरला, तोंडात बसवला आणि म्हणाला, "मिटून बस." मेहुण्याला लगेच काहीतरी सांगायचं होतं. माप गेलं. पुन्हा लगदा कालवला, पुन्हा हा बोलला, पुन्हा गेलं. तेव्हा कवळीवाला ओरडला, "घट्ट होईपर्यंत एक अक्षर नाही!" मेहुणा डोळे वटारून गप्प बसला. त्या खोलीत इतकी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. फळीवरून पाहिलं तर कवळीवाल्याचे हात थांबलेले आणि चेहरा उजळलेला.

आज रविवार. ताई आली. भावाने फोनवर फार गळ घातली म्हणून आली. पण दाराजवळच्या खुर्चीत बसली आणि पर्स खांद्यावरून काढली नाही. बाहुली तेवढी बाहेर काढून ठेवली, परत उचलायला सोपी पडेल अशी कडेला.

"नवा नियम," कवळीवाला म्हणाला. "मंत्र म्हटल्याबरोबर लागत नाही. तो घट्ट व्हावा लागतो. जादूगाराने मंत्र धरला, की त्याची पुढची वेळ येईपर्यंत त्याने बोलायचं नाही. गोष्टीतल्याने नाही आणि खुर्चीतल्यानेही नाही. बोलला की मंत्र मोडला. तोवर शत्रूला कोणी अडवायचं, ते तुमचं तुम्ही बघा."

"दाजी, हा माझ्यावर अन्याय आहे!"

"आहे," ताई म्हणाली. आज पहिल्यांदा ती हसल्यासारखी वाटली.

गुहेत सुळेवाला राक्षस होता. कवळीवाल्याने त्याच्या प्लास्टरच्या तोंडात खरे कवळीचे दात बसवले होते. मेहुण्याने सगळ्यात मोठा मंत्र धरला आणि ओठ घट्ट मिटले. सुळेवाला त्याच्याकडे झेपावला. मध्ये ताई.

"अडवते," ती म्हणाली आणि मला उचललं. तिचा तळवा गरम होता, घामेजलेला. इतके रविवार मी त्या हाताची वाट बघितली होती.

"दान मोठं पडलं तर ढाल टिकली, दोघं वाचलात," कवळीवाला म्हणाला. "छोटं पडलं तर ढाल फुटली. दान फुकट गेलं तरी तू पडलीसच."

तिने मला फेकलं. जरा जास्तच जोरात. मी सुळेवाल्याच्या दातांवर आपटलो, उसळलो, ताईच्या बाहुलीच्या मानेवर आदळलो आणि टेबलावरून थेट खाली, मेहुण्याच्या चपलेशी.

कोणी हललं नाही. कायदा सगळ्यांना ठाऊक होता. आकडा मेहुण्यानेच सांगायचा, तोही मोठ्याने. सांगितला की मंत्र मोडला. नाही सांगितला तर दान फुकट, ताई पडणार. पण मंत्र घट्ट होऊन सुळेवाल्याचा कोळसा होणार आणि जादूगार एकटाच जिंकून गुहेबाहेर पडणार. नेहमीसारखा.

ताईचा हात पर्सच्या पट्ट्यावर गेला.

मेहुणा वाकला. त्याचा चेहरा माझ्यासमोर आला. मी तीन दाखवत होतो. मी तरी काय करू, पडलो तसा पडलो. त्याने तीन पाहिलं. त्याच्या डोळ्यांत एकेक आकडा फिरताना मला दिसला. सतरा, अठरा, एकोणीस. एक मोठा आकडा म्हटला असता तर मंत्र गेला असता, पण ताईही वाचली असती आणि तोही. गप्प राहिला असता तर जिंकलाच असता. खरं बोलला, तर ढालही गेली आणि मंत्रही. त्याच्या कपाळावरचा घाम माझ्या शेजारी टपकला. लिफ्टमधल्या माणसांशी तासभर बोलणारा हा गडी, एका शब्दासाठी एवढा वेळ.

"तीन," तो म्हणाला.

वर कोणीतरी श्वास सोडला. मग कवळीवाल्याचा आवाज आला, अगदी बारीक. "ढाल फुटली. मंत्र मोडला. सुळेवाल्याने दोघांनाही खाल्लं. संपलं."

मी अजून खुर्चीखालीच आहे. पडताना माझा एक कोपरा उडाला, म्हणजे यापुढे मी लंगडत लोळणार. कोणाला मला उचलायचं सुचत नाहीये. एवढं मागणं आहे, की माणसांनो, भांडून झालं असेल तर मला उचला, पुसा आणि पेटीत ठेवताना वीस वर करून ठेवा. म्हाताऱ्याची तेवढी हौस.

वरून खिळ्याला काहीतरी अडकवल्याचा आवाज आला. बक्कल खुळखुळलं. पर्स असावी.

"दुसरी ढालकरीण बनव," ताई भावाला म्हणाली. "हिची मान मोडलीये."

"आणि माझं काय?" मेहुण्याला कंठ फुटला. इतका वेळ साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "ताई, मी अठरा म्हणालो असतो ना, तर आत्ता आपण दोघं जिवंत असतो! खाली कोण बघत होतं?"

"खाली नव्हते बघत. मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. अठरा म्हणाला असतास, तर आत्ता मी जिन्यात असते."