रज्जाकभाईंच्या खुर्चीवरची फळी

मी एक फळी. येरवड्यात रज्जाकभाईंच्या सलूनमध्ये असते. लहान मूल आलं की खुर्चीच्या दोन हातांवर मला आडवी टाकतात आणि माझ्यावर मूल बसवतात. एरवी दाराआड उभी. चोवीस वर्षं हीच कारकीर्द. लाकूडच मी, फारसं काही वाटून घेत नाही.

मूल बसलं की बाप एकच मंत्र म्हणतात, "हलू नकोस." पोरं कसली ऐकतायत! म्हणून रज्जाकभाईंच्या बायकोने, सुरय्याने, आरशावर छोटा टीव्ही लावून घेतला. त्यावर सदानकदा तेच जपानी कार्टून, हिंदी बोलणारं. छत्रीवालं जाडं अस्वल रोज त्याच खड्ड्यात पडतं. पोरं रोज तितकीच हसतात. पूर्वी माझ्यावर बसून पाय झाडणारी पोरं आता स्वतःची पोरं घेऊन येतात, "अजून चालू आहे हे?" म्हणतात आणि उभ्या उभ्या बघत राहतात. त्यात एवढं काय आहे, देव जाणे.

महिन्यापूर्वी सुरय्या गेली. चौथ्या दिवशी दुकान उघडलं. चाळिसाव्या दिवसाचा विधी होईपर्यंत टीव्ही लावायचा नाही, असं रज्जाकभाईंनी ठरवलं. ते रडले मात्र नाहीत. बहीण नाजिमा डबा आणायची.

"भाईजान, एकदा रडून तरी घ्या. असं आतल्या आत ठेवून माणूस जगत नाही."

"येत नाही गं रडू," ते म्हणायचे. डबा तसाच परत जायचा. ते कात्री चालवायचे, केस झाडायचे, गप्प बसायचे. आम्हा दोघांत लाकूड कोण, हे सांगणं अवघड झालं होतं.

काल आमोद त्याच्या पाच वर्षांच्या वैष्णवीला घेऊन आला. तोही लहानपणी माझ्यावरच बसायचा.

"टीव्ही लावा ना काका," वैष्णवी म्हणाली. रज्जाकभाईंनी नकारार्थी मान हलवली. मग ती वळवळली, मागे वळली आणि कात्री कानाला लागली. रक्ताचा एक थेंब आला. चोवीस वर्षांत पहिल्यांदा.

आमोद उसळला. "रज्जाकभाई, दुःख तुमचं आहे, मान्य. कान तिचा आहे!" बोलून गेला आणि लगेच ओशाळला.

रज्जाकभाईंनी कानाला तुरटी लावली आणि टीव्ही सुरू केला. अस्वल आलं. खड्ड्यात पडलं. वैष्णवी खिदळली. आणि सवयीने रज्जाकभाईही हसले!

हसले आणि जागीच थिजले. "ती जाऊन महिना झाला," ते आमोदला म्हणाले, "आणि मी हसलो रे." माझी कड दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि ढसाढसा रडले.

वैष्णवीने त्यांच्याकडे पाहिलं, मग टीव्हीकडे. "काका, रडू नका ना," ती समजुतीने म्हणाली, "त्याला लागत नाही."

रज्जाकभाईंनी मान डोलावली. खूप वेळ डोलावत राहिले.

तुमच्या घरात कुणी असं कोरडं बसलं असेल, तर कृपा करून उपदेश करू नका. कार्टून लावा आणि शेजारी बसा.