पातूरच्या पुढं

एकट्यानं केलेला दूरचा प्रवास माणसाला आतून बदलून टाकतो. समुद्राच्या काठाशी उभं राहिलं, की आपण किती क्षुद्र आहोत हे कळतं, आणि परत येणारा माणूस हा गेलेला माणूस नसतो. अकोला ते कन्याकुमारी आणि कन्याकुमारी ते अकोला असं मोटरसायकलवर एकट्यानं जाऊन मी एकविसाव्या दिवशी दारात उभा राहिलो, तेव्हा बायकोनं, सीमानं, मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि बूट बाहेर काढायला सांगितलं. जाण्याआधी गॅस बुक केला होता का, हेही विचारलं. केला नव्हता. गेलेलाच माणूस परत आलाय, अशी तिची खात्री पटली.

मोटरसायकल माझी नव्हती, सासऱ्यांची होती. शंभर सीसीची, एकोणीस वर्षं जुनी, दूधवाल्यांकडे असते तशी. सासरे भगवंतराव, मी त्यांना मामाजी म्हणतो, अमरावतीला राहतात. भूमी अभिलेख खात्यात छत्तीस वर्षं त्यांनी शेतं मोजली. दोन सख्खे भाऊ धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कुऱ्हाडी घेऊन उभे असताना त्यांनी मधोमध मोजणीची साखळी टाकलेली आहे. त्यामुळे जे मोजलं नाही ते अंतरच नाही, असं त्यांचं सरळ मत आहे.

माझ्याविषयीही त्यांचं मत सरळच होतं. लग्न ठरलं तेव्हा मी पीएचडी करत होतो. लग्नाला चोवीस वर्षं झाली, मी तिसऱ्या प्रकरणात आहे. म्हणून मी गाडी मागितली तेव्हा त्यांनी किल्ली लगेच दिली. निघायच्या दिवशी मुद्दाम एसटीनं अकोल्याला आले, आमच्या दारात वाकून मीटरचा आकडा डायरीत उतरवला आणि म्हणाले, "जवाईबापू, पातूरच्या पुढं गेले तं गाडी तुमची."

पातूर आमच्या घरापासून वाशिमच्या रस्त्यावर तासाभरावर आहे.

गाडीचं मला फारसं नव्हतं. मला त्या माणसाच्या तोंडून 'गेले' एवढा एक शब्द ऐकायचा होता. त्यासाठी कन्याकुमारी जरा लांब पडते, पण जवळचे उपाय करून झाले होते.

प्रवासात फोन बंद ठेवायचा, फोटो काढायचा नाही, खर्च रोखीनं करायचा, असं मी ठरवलं होतं. अनुभव घ्यायचा असतो, दाखवायचा नसतो, अशी त्यामागची भूमिका. ही भूमिका मला वैद्यकीय रजा मंजूर झाल्यावर सुचली. कॉलेजच्या कागदोपत्री मी तीन आठवडे कंबरदुखीनं घरी पडून होतो. परत आल्यावर ते खरंही झालं.

वाशिमच्या अलीकडे केव्हातरी लक्षात आलं, की स्पीडचा काटा शून्यावर आहे आणि किलोमीटरचे आकडे हलत नाहीत. मीटरची केबल तुटली होती. दुसऱ्या कोणी वाशिमलाच अर्ध्या तासात नवी बसवून घेतली असती. मी अर्थशास्त्राचा प्राध्यापक. मला त्यात खूण दिसली. मोजमापाच्या जगातून आपण सुटलो, असं वाटून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हेल्मेटची काच उघडी होती, धूळही गेली असेल.

कन्याकुमारीला जिथे तीन समुद्र मिळतात, तिथे मी पहाटे जाऊन उभा राहिलो. क्षुद्र वगैरे वाटेल म्हणून बराच वेळ वाट पाहिली. डोक्यात एकच चाललं होतं, की हे मामाजींना कसं सांगायचं. सुरुवात समुद्रापासून करावी की घाटापासून? तेव्हा ध्यानात आलं, की नांदेडपासून आपण हेच करून राहिलो आहोत. त्या गाडीवर मी एक दिवसही एकटा नव्हतो. मागच्या सीटवर सासरे बसलेले होते, आणि मी त्यांना सारखा रस्ता दाखवत होतो.

पुढच्या रविवारी अमरावतीला गेलो. भगवंतराव आधी गाडीजवळ गेले. डायरी उघडून त्यांनी मनातल्या मनात वजाबाकी केली.

"एकतीस," ते म्हणाले.

मी केबलचं सांगितलं. फोटो का नाहीत, तेही सांगितलं. धुऱ्याचा दगड आपोआप सरकला म्हणणाऱ्या पक्षकाराकडे पाहावं तसं ते माझ्याकडे पाहत होते. मदुराईहून दुसऱ्याच्या फोनवरून मी सीमाला दोनदा फोन केला होता, पण अनोळखी नंबर तिनं उचलला नव्हता. लोनवाले बी तिकडूनच फोन करतात, असं त्यांनी मला समजावलं. सासूबाईंसाठी देवीचं कुंकू आणलं होतं. कुंकू इथं अंबादेवीच्या ओट्यावरही भेटते, असं ते म्हणाले. सासूबाईंनी तोवर ते काहीही न विचारता कपाळाला लावलं होतं, पण त्यांची साक्ष घरची म्हणून धरता येत नव्हती.

बाहेरचा साक्षीदार म्हणून आम्ही अब्दुल रहीमच्या गॅरेजवर गेलो. एकोणीस वर्षं ही गाडी त्याच्याच हातात आहे. निघण्याआधीचे टायर त्यानंच टाकले होते. त्यानं मागचं चाक फिरवलं, चेन बोटानं उचलून पाहिली, ऑइलचा वास घेतला आणि झूट नाही बोलत साहेब, म्हणाला, गाडी चार हजाराच्या खाली नाही चालली.

मला रहीमला मिठी मारावीशी वाटली. त्याचे हात ऑइलचे होते म्हणून मारली नाही.

"चालली असन," भगवंतराव म्हणाले. "पन कुठं चालली, हे चेन सांगते का? अकोला-पातूर साठ चकरा मारल्या तरी चार हजार भरते."

साठ चकरा मी कशाला मारीन, असं मी विचारलं. त्यावर त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. तिसऱ्या प्रकरणात चोवीस वर्षं राहणारा माणूस पातूरच्या साठ चकरा सहज मारू शकतो, हे त्यांना बोलून दाखवावं लागलं नाही.

नवी केबल बसवता बसवता रहीमच म्हणाला, "मंग पातूरलेच मोजून घ्या ना. मीटर एकतीस चाललं. पातूर एकतीसच्या आत भरलं, तं जवाईबापू पुढं गेले. किस्सा खतम."

भगवंतरावांचा चेहरा बदलला. चोवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे, काहीतरी बाजू असलेला माणूस म्हणून पाहिलं.

"फेरमोजनीचा अर्ज तुमचा हाय का?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो.

त्यानंतरच्या रविवारी ते पहिल्या एसटीनं अकोल्याला आले. आमच्या दारापासून पातूरच्या बसस्टँडच्या फाटकापर्यंत, अशी हद्द ठरली. चहा घेतला नाही. आकडा उतरवून ते मागच्या सीटवर बसले, या वेळी खरोखरचे. मी बेतानं गाडी चालवत होतो आणि ते माझ्या खांद्यावरून मीटर वाचत होते. शहर मागे पडलं, दोन्हीकडे तुरी लागल्या. पंचविसाच्या पुढे आकडा फिरला तशी माझी पाठ ताठ झाली. चार हजार किलोमीटरमध्ये एवढी धाकधूक कधी झाली नव्हती.

एकोणतिसाव्या किलोमीटरला ते मागून म्हणाले, "तिथं तीन समुद्र हाय म्हनतात. मधात हद्द दिसते का?"

"नाही दिसत, मामाजी. एकच पाणी दिसतं."

"मंग तीन हाय, हे कोनं मोजलं?"

मला ठाऊक नव्हतं. मी तसं सांगितलं. ते हुं म्हणाले आणि पुन्हा मीटरकडे पाहू लागले.

आमच्या दारापासून पातूरच्या बसस्टँडचं फाटक तेहतीस किलोमीटर भरलं.