दुसरी फेरी

…शिवणीचा एक टाका सैल होता, नखाला लागत होता. चेंडू बोटांत फिरवत तो तोच टाका चाचपत राहिला, म्हणजे मान वर करून कडेला उभ्या असलेल्या धाकट्याकडे बघायला नको. धाकटा भाऊ — आणि यंदापासून बेसबॉल संघाचा कोच. उभा कसा साळसूदासारखा, हाताची घडी घालून…

शेवटची इनिंग, एका धावेची आघाडी, आणि आत्ताच लागोपाठ बाहेर चेंडू टाकून त्याने एका बॅटरला फुकटात पहिल्या बेसवर पाठवलं होतं. खांदा मघापासून ठणकत होता — ठणकू दे मेला. क्लबच्या मॅनेजरने तोंडावर सांगितलं होतं, आजचा सामना शेवटपर्यंत एकट्याने टाकलास तर पुढच्या मोसमाचं बघू, नाहीतर नारळ. धाकटा तेव्हा त्याच खोलीत होता, पंख्याकडे बघत.

याच इनिंगमध्ये धाकटा एकदा माउंडवर, चेंडू टाकायच्या उंचवट्यावर, येऊन गेला होता. आजाऱ्याची समजूत काढावी तशा आवाजात बोलला, की समोरच्यांना तुझा चेंडू आता पाठ झालाय, चेंडू टाकायला डावखुरा पिचर हात गरम करून तयार आहे, दे आता चेंडू. मी म्हटलं, चालता हो. अंपायर ऐकत होता, तरी म्हटलं. मला शिकवतो! अरे, तुझ्या हातात पहिला ग्लव्ह मी चढवला. एकाच इनिंगमध्ये कोच त्याच पिचरकडे दुसऱ्यांदा गेला की पिचरला बाहेर जावंच लागतं, आणि गेलेला त्या सामन्यात परत येत नाही — हेही मीच सांगितलं, तेव्हा तू बाहीला नाक पुसत होतास…

पुढचा बॅटर येऊन उभा राहिला. चेंडू टाकण्याआधी त्याने श्वास घेतला, नकळत ठणकता खांदा दाबला — आणि धाकटा रेषा ओलांडून मैदानात चालत येताना दिसला. थांब गाढवा, म्हणेपर्यंत उशीर झाला होता. अंपायरने दोन बोटं वर केली.

"विसरलो, दादा," धाकटा जवळ येऊन म्हणाला. "खांदा धरलेला दिसला… डोक्यातूनच गेलं."

विसरला म्हणे! जेवताना नियमांवरून वाद घालून सगळ्यांना पानावरून उठवणारा हा, आणि नेमका आज विसरला. दुखापतीची शंका असेल तर आधी अंपायरला विचारायचं, मग फेरी धरत नाहीत — तेही विसरला. केसाने गळा कापलास, लेका, आणि वर तोंडावर काळजी.

"खोटं बोलतोयस."

धाकट्याने चेंडूसाठी हात पुढे केला. चेंडू त्या हातावर आदळून तो निघाला.

चालताना तो शिव्या जुळवत होता — आईसमोर काय बोलायचं, वहिनी म्हणवणाऱ्या धाकट्याच्या बायकोला… नव्हे, आपल्याच बायकोला काय सांगायचं — सगळी नावं, नाती गोंधळत होती, आणि त्या गोंधळात ते हळूच वर आलं. अंपायरची बोटं वर झाली तेव्हा राग नंतर आला होता. त्याआधी, एक क्षणभर, अंग सैल पडलं होतं. सुटलो, असं वाटलं होतं. अगदी स्पष्ट.

तेवढं जर धाकट्याला दिसलं असेल, तर जन्मात त्याचं तोंड बघणार नाही.