तळघरातले पत्रकांचे कपाट

मित्रांनो, मी एका शाळेच्या तळघरातले बीच झाडाच्या लाकडाचे कपाट आहे. सहा खण, पितळी कड्या आणि एक कुलूप, एवढाच माझा थाट. बोलण्याची मला सवय नाही. जन्मभर दुसऱ्यांनी लिहिलेले पोटात सांभाळले. तेव्हा सांगताना काही मागेपुढे झाले तर समजून घ्या. राग मात्र मला आहे, आणि तो लपवणे मला जमणार नाही.

जर्मनीतल्या कोळशाच्या खाणींच्या एका शहरात, शंभर वर्षांपूर्वी, एका सुताराने मला खास या शाळेसाठी बनवले. इतर शाळा ज्या मुलांना 'मंद' म्हणून बाहेर काढत, त्यांची ही शाळा. इथे प्रत्येक मुलाचे एक पत्रक असे. मूल काय शिकले, कुठे अडले, हे शिक्षक त्यात लिहीत. हेतू चांगला होता. तेव्हा मी वर्गातच उभे होते. टिगेस मास्तरांचे अक्षर इतके सुरेख, की तपासणीला आलेले साहेब माझा खण ओढून म्हणत, पत्रके असावीत तर अशी. मी फुगून जात असे. आता त्याची लाज वाटते.

पुढे राज्य बदलले. मंदपणा रक्तातून पुढच्या पिढीत उतरतो, असे नव्या राज्याचे म्हणणे, म्हणून पत्रकातले प्रश्नही बदलले. मुलाचे आजोबा दारू पीत का? मावशी वेडी होती का? टिगेस मास्तर तेही सुरेख अक्षरात भरू लागले. मग आरोग्य खात्याचा माणूस येई, काही पत्रके नेई, नकला करून परत आणून देई.

चौदा वर्षांची एल्फ्रीडे नोवोत्नी बेरजेत कच्ची होती. दुसरे काही नाही. तिचा टाका इतका बारीक, की मास्तर आपल्या कोटाची बटणे तिच्याकडून लावून घेत. तिला इस्पितळात नेले आणि तिचे पोट कापले. तिला कधीही मूल होऊ नये, असे एका न्यायालयाने ठरवले होते. पुरावा काय होता? माझ्या पोटातले ते पत्रक. एल्फ्रीडे परत आली ती भिंत धरून चालत. मास्तरांनी पत्रकात तारीख घातली, टिपकागद दाबला आणि मला कुलूप लावले.

युद्ध झाले, ते राज्य पडले. टिगेस मास्तर याच शाळेतून निवृत्त झाले. निरोपाला केक होता, भाषणे झाली. मला कुणी उघडले नाही. नंतर मला तळघरात, कसरतीच्या गाद्यांमागे ढकलून दिले.

गेल्या वसंतात शाळा नव्या इमारतीत न्यायचे ठरले. मुख्याध्यापिका हाफरकांप बाई नियमांच्या पक्क्या. मुलांची माहिती परक्या हाती पडू नये म्हणून जुनी कागदपत्रे ठरावीक वर्षांनी नष्ट करायची, हा नियम. त्यांनी शाळेची देखभाल करणाऱ्या प्रादेलांना कागद कातरण्याचे यंत्र देऊन खाली धाडले. सकाळभरात एपासून केपर्यंतची आडनावे कातरली गेली. माझे तीन खण रिकामे झाले. त्या मुलांना एकदा इस्पितळात कापले होते, आता माझ्यासमोर पुन्हा.

तेवढ्यात मारेन ओसेनब्रिंक खाली आली. विशेष मुलांची शिक्षिका होण्यासाठी ती शिकत होती आणि सहा महिने इथे शिकवत होती. या शिक्षणात जोडीला आणखी एक विषय घ्यावा लागतो. तिने इतिहास घेतला होता. शिक्षकांच्या खोलीत त्यावरून तिची थट्टा चाले. ज्यांना कालचा वार आठवत नाही त्यांना हिचा इतिहास कसला, असे हाफरकांप बाई म्हणाल्याचे प्रादेलांनीच मघाशी यंत्राला सांगितले होते. तिच्या परीक्षेच्या पाठासाठी बाईंनी किल्ले आणि सरदार नेमून दिले होते. शिरस्त्राणांसाठी पुठ्ठा शोधत ती आली होती.

तिने चौथा खण उघडला, एक पत्रक वाचले, मग दुसरे. ती खाली बसली.

"पोरी, बाजूला हो. जेवणाआधी झेडपर्यंत संपवायचंय मला," प्रादेला म्हणाले.

"यंत्र बंद करा."

"आणि बाईंना काय सांगू? त्या मलाच घालतील त्यात."

बाई स्वतःच आल्या. मारेनने सांगितले, की असे जुने कागद नष्ट करण्याआधी शहराच्या अभिलेखागाराला विचारावे लागते, हे इतिहासाच्या पहिल्याच वर्षात शिकवतात.

"मारेन, इतिहास तुमचा दुसरा विषय आहे. पहिला विषय मुलं. मी त्यांचंच रक्षण करतेय."

"हीसुद्धा मुलंच होती, बाई. आज आपण गुपित कुणाचं राखतोय? त्यांचं, की ज्यानं हे लिहिलं त्याचं?"

"तुमचा शेरा मी लिहिणार आहे. लक्षात आहे ना?"

"आहे. लिहा."

बाई वर गेल्या आणि त्यांनी नियम वाचला. नियमापुढे त्या वाकतात, एवढे मान्य करते. उरलेले तीन खण बचावले. पहिले तीन कुणी परत आणून देणार नाही.

परीक्षेच्या पाठाला मारेनने किल्ले घेतले नाहीत. मला वर्गात आणवले आणि नाव झाकून एल्फ्रीडेचे पत्रक वाचले, लहान लहान वाक्यांत. पुढे काय झाले तेही सांगितले. हाफरकांप बाई माझ्या शेजारी वही घेऊन बसल्या होत्या. 'हा विषय या मुलांना झेपत नाही,' एवढे त्यांचे लिहून झाले होते.

चौदा वर्षांच्या शिर्लीने हात वर केला. तिला वाचायला वेळ लागतो, विचारायला लागत नाही.

"माझंपण असं पत्रक आहे?"

"आहे," मारेन म्हणाली.

"काय लिहिलंय त्यात?"

मारेनने बाईंकडे पाहिले. बाईंनी घसा साफ केला.

"ते गोपनीय असतं, शिर्ली."

"माझ्यापासून?"

बाईंनी वहीतली ओळ खोडली नाही. माझ्या शेजारी बसून वही मिटली आणि त्या निघून गेल्या.

मित्रांनो, उद्या तुमच्यातले कुणी शिक्षक होतील, डॉक्टर होतील, साहेब होतील. एखाद्या मुलाबद्दल लिहायची वेळ तुमच्यावर येईल. जे लिहाल ते त्याला शेजारी बसवून मोठ्याने वाचता येईल, असेच लिहा. तसे वाचवत नसेल तर लेखणी खाली ठेवा. माझ्यासारख्या कपाटाला सुरेख अक्षर आणि घाणेरडे अक्षर यांतला फरक कळतो, खरे आणि खोटे यांतला कळत नाही. तो तुम्हालाच कळला पाहिजे.