काचेची पट्टी

भिंत सरकली तर लगेच कळावं म्हणून भटू मिस्तरीने तिच्या भेगेवर आडवी चिकटवलेली काचेची पट्टी पहाटे अख्खी होती. नऊ वाजता तिच्यात केसाएवढी चीर दिसली.

तळोद्याच्या जवरीलालसेठच्या जुन्या गोदामात मिरची दळायचं चार टनांचं यंत्र बसणार होतं. त्याच्या काँक्रीटच्या बैठकीसाठी भटूने भिंतीला लागूनच चार फूट खोल खड्डा खणला होता. दगडी भिंत, पाया खोलच असणार, हा त्याचा अंदाज. पाया निघाला अडीच फूट. भिंतीखालची माती उघडी पडली. पलीकडे देवळाचा सभामंडप, सप्ताहाचा शेवटचा दिवस, काल्याचं कीर्तन रंगलेलं.

"सेठजी, भिंत सरकी ऱ्हायनी."

"शंभर वरीसनी भिंत शे, मिस्तरी! तू एवढासा काचले घाबरस?"

कट्! पट्टीचे दोन तुकडे झाले. सेठचं हसू जागीच विरलं.

"पलीकडे भिंतले पाठ लाईसन बाया बठेल शेतस," भटू म्हणाला. "मन्ही बायको मीना बी."

तो धावला. मंडपाच्या दारात थबकला. दार एकच. ओरडावं तर चेंगराचेंगरी. 'पांडुरंगा, चूक मन्ही शे. यास्ले वाचाड.' नमस्काराला वाकावं तसा तो बुवांच्या पायांशी वाकला आणि पुटपुटला, "महाराज, भिंत पडी जाई. आरडू नका."

बुवांच्या चिपळ्यांचा एक ठोका चुकला, एकच. मग खणखणीत आवाज उठला: "आज गोपाळांची हंडी बाहेर पारावर फुटणार! भिंतीकडच्या मायबहिणी आधी, लेकरं कडेवर. सावकाश! रामकृष्णहरी!"

टाळांच्या तालावर रांग सरकू लागली. मीनाबाई हसत जवळून गेली. "काय व्हयनं? घाम का बरं फुटना तुमले?" त्याने तिला पुढे जायची खूण केली. शेवटची म्हातारी उंबऱ्याबाहेर पडली तेव्हा त्याने श्वास सोडला.

गोदामात परतला तर जवरीलालसेठ पांढऱ्या कपड्यांत मातीची पाटी खड्ड्यात रिकामी करत होते. "कोनी खाले उतरू नका रे!" भटू ओरडला. टाळकरीही पाट्या घेऊन आले. दुपारपर्यंत भिंतीलगतचा खड्डा भरला, ठोकला, भिंतीला टेकूही लागले.

भटूने भेगेवर नवी काच चिकटवली. बाहेर पारावर काल्याचा प्रसाद वाटत होते. त्याच्या वाट्याची लाही मीनाबाईने आणून हातावर ठेवली. लाह्या बोटांतून सांडत होत्या. नजर मात्र काचेवरून हलली नाही.