पॉलिटीचं माहेर

श्यामसुंदर सरांच्या वर्गात शब्दाला माहेरी न्यायची पद्धत होती.

दर शनिवारी दुपारी चार वाजता, कर्वेनगरातल्या त्यांच्या सोसायटीच्या सभागृहात, कुणीतरी एका मुलाने एक इंग्रजी शब्द आणायचा. पाटीवरचा, बिस्किटाच्या पुड्यावरचा, कुठलाही. सर तो पाठकोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहीत. मग मुलं ओळीने उभी राहत. एक इंग्लंड, एक फ्रान्स, एक रोम, एक ग्रीस. कागद हातोहात मागे जाई आणि प्रत्येक देश त्यावर त्या शब्दाचं आपल्याकडचं नाव लिही. सासरी गेलं की बाईचं नाव बदलतं, चालणं-बोलणंही बदलतं, पण माहेरच्या दारात पाऊल टाकलं की जुन्याच नावाने हाक येते, असं सर सांगत. आणि ज्याने शब्द आणला त्याने माहेर व्हायचं, हा नियम होता.

वर्गात चौदा मुलं होती. चार सोसायटीतली, दहा कालव्यापलीकडच्या वस्तीतली. वस्तीतल्या मुलांच्या आया याच इमारतीत पोळ्या लाटत, भांडी घासत, म्हाताऱ्यांना आंघोळ घालत. अकरा वर्षांची ऋतुजा त्यांच्यातलीच. तिची आई विजयमाला या इमारतीतल्या पाच घरी कामाला होती.

त्या शनिवारी शब्द ऋतुजाचा होता.

“सर, पॉलिटी म्हणजे काय ओ? कोपऱ्यावर क्लासची पाटी लागलीये, ‘पॉलिटीची नवी बॅच’. सूरजमामा म्हणतो, पोलीस भरतीचं असणार.”

सोसायटीतली मुलं फिस्सकन हसली.

“हसू नका,” सर म्हणाले. “मामा निम्मा बरोबर आहे. तुमच्यातले काही जण निम्म्यावरच पास होतात.”

मग त्यांनी सांगितलं. पॉलिटी म्हणजे माणसांनी एकत्र राहायची लावलेली घडी. कारभार कुणी करायचा, कुणाला विचारून करायचा, आणि विचारलं नाही तर काय, हे सगळं ठरवून राहणारा समाज. स्पर्धा परीक्षावाले त्याला राज्यव्यवस्था म्हणतात. इंग्लंडात हा शब्द साधारण पाचशे वर्षांपूर्वी रुळला. कागद इंग्लंडच्या हातून फ्रान्सकडे गेला, तिथे ‘पोलिसी’ झाला. रोममध्ये ‘पोलितिया’. आणि शेवटी ग्रीसमध्ये, ऋतुजाच्या हातात, ‘पोलितेइया’.

“याच घरातल्या आणखी दोन बहिणी,” सर म्हणाले. “एक पॉलिसी, म्हणजे कारभाराचं धोरण. दुसरी पोलीस. तिचा अर्थही आधी नगराची नीट व्यवस्था एवढाच होता. खाकी कपडे नंतर आले.”

“म्हणजे मामा बरोबर,” ऋतुजा म्हणाली.

“निम्मा. आता या सगळ्यांची आजी. ‘पोलिस’, म्हणजे नगर. आणि आपल्या नागपूर-सोलापुरातलं ते ‘पूर’ आहे ना, ते त्या आजीचं चुलत भावंड, असं जाणकार सांगतात.”

मुलांना हे फारच आवडलं. कुणी कोल्हापूर ओरडलं, कुणी इंदापूर. ऋतुजा मात्र कागदाकडे बघत होती.

“पण सर, पोलितेइयाचा अर्थ?”

“पहिला अर्थ होता नागरिक असणं. नगराच्या माणसांत आपण मोजले जाणं. राज्यकारभार हा अर्थ त्यातूनच वाढला.”

“सगळे मोजायचे?”

सरांनी चाळीस वर्षं शाळेत शिकवलं होतं. मुलांना खोटं सांगून पुढे सरकायची सवय त्यांनी लावून घेतली नव्हती.

“नाही गं. बायका नाहीत. गुलाम नाहीत. बाहेरगावाहून कामाला आलेले नाहीत.”

“मग ते कुठं राहायचे?”

“तिथेच. त्याच नगरात.”

“हां,” ती मान हलवत म्हणाली. तिला त्यात नवल वाटलं नाही, आणि सरांना तेच लागलं.

सोमवारी लिफ्टशेजारच्या फलकावर वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस लागली. विषय क्रमांक सात असा होता: ‘सभासदांच्या कुटुंबाबाहेरील व्यक्तींच्या वर्गासाठी सभागृह न देण्याबाबत विचार करणे.’

सरांच्या पत्नी उल्काताई दुधाची पिशवी घेऊन वर आल्या. “वाचलंत? विचार करणार आहेत म्हणे. बद्रीनाथांनी शेवटचा विचार कधी केला होता, ते कुणाला तरी विचारायला हवं.”

बद्रीनाथ सोसायटीचे अध्यक्ष. त्यांची तक्रार जुनी होती. लिफ्टसमोर दहा जोड चपला पडतात, आवाज होतो, कुणीही आत येतं, उद्या काही हरवलं तर जबाबदार कोण?

“काही हरवलंय का?” सरांनी त्यांना एकदा विचारलं होतं.

“हरवेपर्यंत थांबायचं का, सर?”

सर त्या आठवड्यात घरोघर गेले नाहीत. सभेत बोलायचं आणि मत द्यायचं, ही त्यांची रीत. सोसायटी झाली तेव्हा, एकवीस वर्षांपूर्वी, ते तिचे पहिले सचिव होते. सभागृहाच्या जागी आधी वाहनतळ काढलेला होता, तो नकाशा बदलून घ्यायला ते तीन महिने चकरा मारत होते. एकूण चोवीस घरं. कोण कुठे झुकेल, हे ते मनात मांडत होते. चुरस होती. पण आपलं एक मत धरून निभावेल, असं त्यांना वाटत होतं. वर्गात अडखळत वाचणारी दहा मुलं गेल्या दोन वर्षांत सरळ वाचायला लागली होती. वस्तीतल्या दहा बाय दहाच्या खोल्यांत चौदा मुलांना बसायला जागा नव्हती. सभागृह गेलं की वर्ग गेला, इतकं ते सरळ होतं.

सभा रविवारी सकाळी दहाला होती. दहाला कुणीच येत नाही. गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते आणि अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरते, हे सगळ्यांना पाठ असल्यामुळे सगळे साडेदहालाच येतात. सर मात्र दहालाच गेले आणि रिकाम्या खुर्च्यांत बसून राहिले.

साडेदहाला सचिव योगेशने सह्यांची वही उघडली. सर सही करायला वाकले. आपलं नाव त्यांना सापडेना.

“सर, ते...” योगेश खालच्या आवाजात म्हणाला. “फ्लॅट आता शौनकच्या नावावर आहे ना. सभासद तो. तुम्ही बसा, अवश्य बसा. फक्त सही आणि मत...”

सरांना सगळं एकदम आठवलं. दोन वर्षांपूर्वी त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. घरी आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते फ्लॅटच्या बक्षीसपत्राचं. आपल्यामागे मुलाला कचेऱ्यांतून धावायला नको, म्हणून स्वतः हयात असताना, स्वतःच्या पायांनी जाऊन. सोसायटीच्या भागपत्रावरून, म्हणजे शेअर सर्टिफिकेटवरून, आपलं नाव काढावं असा अर्ज त्यांनीच सुवाच्य अक्षरात लिहिला होता. तेव्हा उल्काताई म्हणाल्या होत्या, “स्वतःच्या हाताने स्वतःला घरातून वजा करणारा माणूस मी पहिलाच पाहिला.” ते हसले होते. मताचं तेव्हा मनातही आलं नव्हतं, आणि गेल्या वर्षीच्या सभेला तब्येतीमुळे ते गेलेच नव्हते.

“बरोबर आहे,” ते योगेशला म्हणाले. नियम त्यांना ठाऊक होता. सभासद नसलेल्याला मत नाही, हे याच सभागृहात त्यांनी एकदा मोठ्याने वाचून दाखवलं होतं. पाण्याच्या प्रश्नावर तावातावाने बोलणाऱ्या एका भाडेकरूला गप्प बसवण्यासाठी. तो माणूस खाली बसला तेव्हाचा त्याचा चेहरा त्यांना आज पहिल्यांदा आठवला.

शौनक आला, त्याने सही केली आणि मागच्या रांगेत बसला. सरांना हायसं वाटलं. मत घरातच होतं. लहानपणी शौनक याच खेळात उभा राहायचा. त्याला नेहमी रोम व्हायचं असे.

विषय सात यायला बारा वाजले.

“सरांना बोलू द्या,” तळमजल्यावरच्या तेजस्विनीबाई म्हणाल्या.

“बोलावं की,” बद्रीनाथ म्हणाले. “नियमात बसत नाही, पण सर आहेत.”

सर उभे राहिले. रात्री त्यांनी चार मुद्दे काढून ठेवले होते. हे सभागृह कशासाठी बांधलं, नगर कशाने होतं, भिंतींनी की माणसांनी, असं बरंच काही. पण उपकार म्हणून मिळालेल्या दोन मिनिटांत त्यातलं एकही तोंडातून निघेना.

“चपला मुलं ओळीत लावतील,” ते म्हणाले. “मी शिकवीन त्यांना. आवाजही होणार नाही. आणि लिफ्ट वापरणार नाहीत.” मग ते खाली बसले. तळमजल्यावरच्या सभागृहासाठी लिफ्ट कुणी वापरतच नव्हतं, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

सभेला एकोणीस सभासद होते. ठरावाच्या बाजूने नऊ हात वर झाले. विरोधात नऊ. योगेशने दोनदा मोजले.

“एक कुणीतरी राहिलं,” बद्रीनाथ म्हणाले. “शौनक, तुझा हात कुठेच दिसला नाही.”

सरांनी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं तर मुलावर दडपण येईल, असं त्यांना वाटलं. पुढच्या रांगेतून मागे वळून बघणाऱ्या तेजस्विनीबाईंच्या चेहऱ्याकडे ते बघत राहिले. तो चेहरा हळूहळू उतरत गेला, आणि काय झालं ते सरांना तिथेच कळलं.

“बाजूने दहा,” योगेश म्हणाला आणि लिहू लागला.

घरी जेवणं झाली. ताटं उचलल्यावर शौनक वडिलांसमोर येऊन बसला.

“बाबा, डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? दगदग नको. शनिवारी संध्याकाळी तुम्ही कसे झोपता ते मी बघतो. मेल्यासारखे.”

“दमतो. झोप चांगली लागते.”

“आणि लिफ्टमध्ये रोज लोक मला गाठतात, तुम्हाला नाही. तुमच्यापुढे सगळे सर सर करतात. मला ऐकवतात. दोन वर्षं ऐकतोय मी.”

“मला सांगायचं.”

“सांगितलं असतं तर तुम्ही वर्ग थांबवला असता?”

सर खरंच विचार करू लागले. “नाही,” ते म्हणाले.

“मग? मी तुमच्यासाठीच केलं, बाबा.”

“मला विचारून करायचं होतंस.”

“तुम्ही हो म्हणाला नसतात.”

“तेच रे,” सर म्हणाले. “म्हणूनच विचारायचं असतं.”

उल्काताई ओटा पुसत होत्या. पुसून झालेला ओटा त्या पुन्हा पुसू लागल्या. शौनक उठून आत गेला. तो खोटं बोलत नव्हता, हे सरांना कळत होतं. खोटं बोलला असता तर रागावता तरी आलं असतं.

शनिवारी चारला पाच मिनिटं कमी असताना सर खाली उतरले. फाटकाबाहेर, पदपथाच्या कडेला, दहा मुलं बसली होती. रखवालदार कोंडीराम त्यांच्याकडे पाठ करून उभा होता.

“मला तसं सांगितलंय, सर,” तो म्हणाला. “मी काय करू?”

“तुमचं काही चुकलं नाही.”

सर बाहेर आले. मुलं उभी राहिली. आता सर काहीतरी करतील, म्हणून सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या.

“आई सांगत होती, मतं घेतली,” ऋतुजा म्हणाली. “हात वर करून. एका हातानं आपण हरलो.”

“हो.”

“आई म्हणाली, सरांनी तर केलाच असेल वर. केला होता ना, सर?”

सांगायला कितीसं लागत होतं? मला मत नव्हतं, एवढंच. पण ऋतुजा तिथे थांबणारी मुलगी नव्हती. मग कुणाला होतं, हे तिने विचारलंच असतं. तिला तसं विचारायला त्यांनीच शिकवलं होतं.

“नाही,” सर म्हणाले. “मी हात वर केला नाही.”

बारकी मुलं एकमेकांकडे बघू लागली. ऋतुजाने दोन वेळा डोळ्यांची उघडझाप केली. तिला राग आला असता तर सरांनी सोसला असता, पण तो आला नाही. तिने नुसती मान हलवली. त्या दिवशी वर्गात ‘हां’ म्हणताना हलवली होती, तशीच.

“पुढच्या शनिवारी आपण कालव्याजवळच्या ओट्यावर बसू,” सर घाईने म्हणाले. “मी तिथे येतो. चारलाच.”

“बघते, सर,” ऋतुजा म्हणाली. अगदी विजयमाला एखादं काम सोडताना म्हणते, तसं. मग तिने लहानग्यांना पुढे घातलं आणि सगळी रस्त्याच्या कडेने चालू लागली.

सर जिना चढून वर आले. मध्ये दोनदा थांबले. उल्काताईंनी दार उघडलं.

“सांगितलंत का त्यांना, तुम्हाला मतच नव्हतं म्हणून?”

“नाही.”

“का?”

सर खुर्चीत बसले. आतल्या खोलीत शौनकच्या कामाचा फोन चालू होता. हसून, इंग्रजीत, तो कुणाला तरी काही समजावून सांगत होता.

“ती पोरं त्याला दादा म्हणतात,” सर म्हणाले.

उल्काताई नेहमीसारखं काहीतरी बोलतील, म्हणून ते थांबले. त्यांनी पाण्याचा पेला आणून त्यांच्या हातात दिला आणि शेजारची खुर्ची ओढून बसल्या.