पितळी हात एक वाटी चुकतो

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर गोल टेबल, त्याला जमिनीपर्यंत लोळणारं मखमली कापड, आणि मधोमध कोपरापासून पुढचा एक पितळी हात, तर्जनी ताठ केलेला. भोवती गोलाकार सहा वाट्या आणि प्रत्येकीवर मोठ्या अक्षरांत पाटी: पुन्हा या, औषध बंद, देणगी, उपवास, मौन, मंतरलेलं पाणी. माणूस समोर आला की हातवाले बाबा डोळे मिटत आणि हात आपोआप फिरून एका वाटीपाशी थांबे. तो थांबायच्या आत बाबा मिटल्या डोळ्यांनीच वाटीचं नाव सांगत, ही त्यांची खास करामत. गाडीतून उतरणाऱ्यांना नेमकी देणगीच कशी निघते, हा प्रश्न मात्र त्या गर्दीत कोणालाच पडत नव्हता.

माझ्या थोरल्या बहिणीलाही पडला नव्हता. ताईला साखरेचा आजार. मागच्या खेपेला हात 'औषध बंद'पाशी थांबला आणि तिने इन्सुलिन सोडलं. पायाच्या अंगठ्याची जखम काळी पडली. डॉक्टरांनी ताबडतोब दाखल व्हायला सांगितलं, तर ही म्हणाली, आधी हाताला विचारते. मला तिचा राग आला होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. कितीही डोकेफोड केली तरी ती ऐकेना, म्हणून मी आणि माझी बायको तिच्याबरोबर आलो.

बायको तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. घरात आम्ही तिला मास्तरीणबाई म्हणतो. रांगेत मी बाबांच्या नावाने दात-ओठ खात होतो, ती कान देऊन ऐकत होती. मग हळूच म्हणाली, "हात फिरताना बारीक गुणगुणतोय. आणि थांबतो कसा बघा, जरासुद्धा डुलत नाही. पुढचा नंबर माझा."

तिने डोकेदुखी सांगितली. बाबांनी डोळे मिटले, "हात सर्वज्ञ आहे, माई. तो चुकत नाही," असं सुरू केलं आणि हात फिरू लागला. मास्तरीणबाईंनी एकदम गहिवरून तो दोन्ही हातांनी धरला आणि कपाळ टेकवलं. टेबलाखालून गुरगुर ऐकू आली. तिने सोडल्यावर हात उरलेली वाट चालू लागला. बाबा म्हणाले, "मौन." बोट थांबलं उपवासाकडे. बाबांनी एक डोळा किलकिला केला आणि उपवासात मौन आलंच, अशी सारवासारव केली.

पुढचे होते एक कापडाचे व्यापारी. बाबांनी ठणकावून 'देणगी' म्हटलं आणि हात थांबला 'औषध बंद'पाशी. आपल्याला औषधच चालू नाही, असं ते बिचारे सांगू लागले. मागे कोणीतरी खुदकन हसलं. बाबांच्या कपाळाला घाम फुटला.

मग ताई लंगडत पुढे झाली. दवाखान्यात जाऊ की नको, एवढंच तिने विचारलं. बाबा सवयीने म्हणाले, "औषध बंद." बोट 'पुन्हा या'वर स्थिर होतं. ताईने आधी त्या बोटाकडे बघितलं, मग बाबांकडे.

"बाबा, मी कोणाचं ऐकू? तुमचं की हाताचं?"

मास्तरीणबाईंनी मखमल वर उचलली. खाली बॅटरी, मुठीएवढी मोटर आणि काडेपेटीहून लहान एक हिरवी पट्टी. तिची वायर बाबांच्या गादीखालच्या बटणांपर्यंत गेलेली. गर्दी पुढे सरकली तशी ती वर्गात शिकवावं तसं सांगू लागली. बाबा बटण दाबतात. ही पट्टी, म्हणजे ड्रायव्हर, मोटरला वीज तुकड्यातुकड्याने देते आणि प्रत्येक तुकड्याला मोटर एक बारीक पाऊल पुढे जाते. पावलं मोजून ठरलेली वाटी गाठायची, एवढाच चमत्कार.

"पण मोटर खरंच तिथे पोचली का, हे पट्टीला कळत नाही," ती म्हणाली. "मी हात धरला तेव्हा मोटरची एका वाटीएवढी पावलं हुकली. पट्टीच्या हिशेबात सगळी पूर्ण झाली. म्हणून तेव्हापासून हा हात दर वेळी एक वाटी मागे राहतोय."

बाबा यंत्रातही देव असतो वगैरे पुटपुटत मागच्या दाराने निघाले, पण व्यापाऱ्यांनी त्यांचा सदरा धरला. ताईला त्यात रस नव्हता. ती खाली बसली, पायाकडे बघितलं आणि मला म्हणाली, "ज्याला आपण कुठे उभे आहोत तेच कळत नाही, त्याला मी माझ्या पायाचं विचारत होते रे. चल दवाखान्यात."

अंगठा गेला. पाय वाचला. महिनाभर आधी गेलो असतो तर अंगठाही राहिला असता, असं डॉक्टर म्हणाले. ताईने मान खाली घातली आणि मला तिच्यावर रागावता आलं नाही.

म्हणून कळकळीने सांगतो. ड्रायव्हर म्हणजे काय, हे सगळ्यांना माहीत असायची गरज नाही. मलाही त्या दिवशीच कळलं. पण तुमचं औषध बंद करायला निघालेला कुठलाही हात दिसला, तर पाया पडण्याआधी तो एकदा घट्ट धरून बघा.